खड्ड्यातला आवाज

मुलुंड पूर्वेला अंबादास लांजेवारला सगळे 'सर' म्हणतात. भाजीवाला म्हणतो, इस्त्रीवाला म्हणतो, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला त्याच्याशी पार्किंगवरून भांडायचं असलं तरी सुरुवात 'सर' म्हणूनच करावी लागते. उभा जन्म नाटकात घालवून शेवटी मिळालं काय, असं कुणी विचारलं की अंबादास म्हणतो, "लोक माझं खरं नाव विसरले, आणखी काय पाहिजे?" आणि स्वतःच हसतो. त्याची बायको नीला हसत नाही. तिनं हा विनोद फार वेळा ऐकलाय.

तरी माणूस सुखी आहे, हे तिलाही मान्य आहे. त्यानं नट म्हणून टाळ्या घेतल्या, दिग्दर्शक म्हणून शिव्या घातल्या, मास्तर म्हणून निम्म्या मुलुंडच्या पोरांना उभं राहायला शिकवलं. राहिलं होतं एकच. स्वतःचं नाटक लिहायचं. ते त्यानं निवृत्तीनंतर लिहिलं आणि तिथंच सगळा घोळ झाला.

घोळ समजायचा तर आधी अंबादास कुठला ते समजायला हवं. तो झाडीपट्टीतला. गडचिरोली जिल्ह्यात, वडशाच्या पलीकडे, त्याचं गाव. त्या मुलखाला नाटकाचं जे वेड आहे ते मुंबईच्या माणसाला सांगून खरं वाटत नाही. धान घरात आलं की दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं. दिवसा बैलांच्या शर्यती, सूर्य मावळला की मंडपात नाटक, आणि ते संपेस्तोवर उजाडलेलं. अंबादासचे वडील भाऊराव एरवी शिंपीकाम करत आणि नाटकांच्या दिवसांत प्रॉम्प्टर असत. स्टेजच्या पुढ्यात, बरोबर मधोमध, एक खड्डा खणलेला असे. त्यात भाऊराव छातीपर्यंत बुडून बसत. डोक्याला मफलर, हातात नाटकाचं पुस्तक, वर टांगलेला एक बल्ब.

तिकडं तालमींना वेळ नसतो. नट आज या गावात राजा, तर उद्या त्या गावात दरोडेखोर. पाठ करणार तरी किती? म्हणून खड्ड्यातला माणूस प्रत्येक वाक्य आधी सांगतो आणि वरचा नट ते उचलून, त्यात जीव घालून, लोकांपुढे टाकतो. एका कानानं पुढचं ऐकायचं, तोंडानं मागचं बोलायचं आणि डोळ्यांतून त्याच वेळी पाणी काढायचं. ज्याला हे जमतं तो नट. प्रेक्षकांनाही प्रॉम्प्टरचा आवाज ऐकू येतो, पण त्यांचं तिकडे लक्ष नसतं. अंबादासला मिसरूड फुटायच्या आधीपासून हे जमत होतं. बापाच्या आवाजावर तो रडला, लढला, आणि दर हिवाळ्यात कितीदा तरी मेला.

मग टेलिफोन खात्यात नोकरी लागली आणि तो घाटकोपरला आला. इथं आल्यावर माणसाला आधी खोली शोधावी लागते. यानं आधी नाटकाचा ग्रुप शोधला. मुलुंडला एका शाळेच्या हॉलमध्ये देवव्रत कर्णिक नावाचे एक दिग्दर्शक तालमी घेत. शिस्तीचे, तिखट जिभेचे, पण नाटकातलं कळणारे. त्यांनी याचा आवाज ऐकला आणि एका रागीट जमीनदाराचं काम दिलं. चार ओळींचं. पुढच्या रविवारी या म्हणाले.

पुढच्या रविवारी अंबादास उभा राहिला. कपाळावर आठ्या आणल्या, हात उगारला, छाती भरून घेतली आणि थांबला. सगळे थांबले.

"अहो लांजेवार, बोला की!" कर्णिक म्हणाले.

"तुम्ही सांगा ना," अंबादास निरागसपणे म्हणाला.

हॉलमध्ये जे हसू फुटलं ते बराच वेळ आवरलं नाही. कर्णिकांनाच शेवटी दया आली. त्यांनी पहिलं वाक्य सांगितलं. ते बोलता बोलता अंबादास सवयीनं सरकत सरकत स्टेजच्या पुढच्या कडेला, बरोबर मधोमध, जाऊन उभा राहिला. त्याला मागे आणलं. तो पुन्हा तिथंच गेला. तिसऱ्या वेळी कर्णिकांचा पारा चढला. "तिथं मधोमध काय पुरलंय का हो तुमचं?"

पुरलेलं होतंच, पण ते सांगायची लाज वाटली. त्या दिवसापासून अंबादासनं झाडीपट्टीचं नाव काढलं नाही. कुणी विचारलं तर "नागपूरकडचा" एवढंच सांगायचं. तोंडातली बोलीही त्यानं घासून पुसून टाकली. हे कुणाला कळलं नाही, असं त्याला वाटायचं. पण एकाला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

तो देवदत्त परब. मूळचा मालवणकडचा, बाप गिरणीत, घर घाटकोपरला भटवाडीत. दिवसा विम्याच्या ऑफिसात, संध्याकाळी तालमीत. त्याचं पाठांतर म्हणजे ग्रुपमध्ये दंतकथाच होती. स्वतःचं तर पाठ असायचंच, पण इतर सगळ्यांचंही. एका प्रयोगाला एक नट तापानं आडवा झाला, तेव्हा या पठ्ठ्यानं दोघांचीही कामं केली, टोपी बदलून. तालीम सुटल्यावर तो अंबादासच्या बरोबर चालायला लागला.

"तुमच्याकडे खाली माणूस बसतो ना सांगायला?" त्यानं विचारलं.

अंबादासनं चालण्याचा वेग वाढवला.

"लाजतंस कित्याक मेल्या? आमच्या दशावतारात तर पुस्तकच नाय. पेटारो उघडायचो नि तोंडात येत तां बोलायचा. मी पण हंयच शिकलंय पाठ करूक. चल, तुका शिकवतंय."

आणि खरंच शिकवलं. दर रविवारी सकाळी दोघं पवईच्या तलावाला जायचे. देवदत्त पुढे, अंबादास मागे, आणि वाक्यं म्हणत म्हणत काठानं चालायचं. चुकलं की देवदत्त न थांबता नुसता हात वर करायचा, मग पहिल्यापासून. "वाक्य डोक्यात ठेवू नकोस, पायात ठेव," तो म्हणायचा. त्या चालण्यातून अंबादास मुंबईचा नट झाला. त्या चार ओळींच्या जमीनदारानंतर त्याला मोठी कामं मिळाली, स्पर्धांत बक्षिसं मिळाली. त्याच ग्रुपमधली नीला मिळाली. ती मुलुंडच्या जुन्या घरातली, त्याला सगळ्यांदेखत 'तू' म्हणणारी. अंबादासच्या आईला हे शेवटपर्यंत पचलं नाही.

कर्णिकांनंतर दिग्दर्शन अंबादासकडे आलं. नव्यानं बाटलेला जोरात बांग देतो म्हणतात, तसं झालं. त्याच्या ग्रुपमध्ये विंगेत पुस्तक घेऊन कुणी उभं राहायचं नाही, हा नियमच. ज्याचं पाठ नाही त्यानं घरी जावं. एकदा एका गुणी पोरीनं प्रयोगात अडखळून आशेनं विंगेकडे पाहिलं, तर तिला पुढच्या नाटकात काम मिळालं नाही. नीला यावरून त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही. तो ढिम्म.

गंमत अशी की तोच अंबादास शनिवारी मुलांचे वर्ग घ्यायचा तेव्हा मात्र वेगळंच काही शिकवायचा. सुरुवातीचे दोन महिने कुणी बोलायचंच नाही. डोळे मिटून बसायचं आणि ऐकायचं. समोरचा श्वास कधी घेतो, वाक्य कुठून उचलतो, ते ऐकायचं. पालक दारात येऊन विचारायचे, "सर, ऍक्टिंग कधी सुरू होणार?" अंबादास म्हणायचा, "चालूच आहे." त्याची मुलं स्टेजवर एकमेकांचं खरंच ऐकतात, असं परीक्षक लिहायचे. हे त्याला कुठून सुचलं, असं कुणी विचारलं की तो हसून विषय बदलायचा. शिकवत होता बापाचंच, पण बापाचं नाव न घेता.

निवृत्तीनंतर मात्र भाऊराव त्याच्या मानगुटीवर बसले. लिहायला घेतलं तर दुसरं काही सुचेचना. नाटक झालं ते एका म्हाताऱ्या प्रॉम्प्टरचं. नाव ठेवलं 'पुढचं वाक्य'. मुख्य काम अर्थातच देवदत्तचं, दुसऱ्या कुणाचा विचारसुद्धा त्याच्या मनात आला नाही. म्हाताऱ्याच्या मुलीचं काम गंधालीला. ती त्याच्या शनिवारच्या वर्गातून वर आलेली, आता मालिकांमधून घरोघरी दिसणारी. मुलुंडच्या नाट्यगृहाची तारीख मिळाली. नीलानं संहिता वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, "छान आहे. शेवट सोडून."

"शेवटाला काय झालं?"

शेवटी म्हातारा रिकाम्या स्टेजवर एकटा उभा राहतो आणि म्हणतो, 'जन्मभर मी इतरांच्या मुखी शब्द दिले. आज मला शब्द देणारं कोण आहे?' तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. "हे तुझ्या बाबांचं बोलणं नाही रे. सत्कार समारंभातल्या निवेदकाचं आहे."

अंबादासला राग आला, कारण ती खरं बोलत होती. पण त्यानं ते बदललं नाही. झाडीबोली मुंबईत कोण ऐकणार, लोक हसतील, असं तो म्हणाला. आता तो काळ राहिला नाही, असं नीला म्हणाली. त्यावर चहा झाला आणि विषय तिथंच राहिला.

तालमी सुरू झाल्या आणि देवदत्त विसरायला लागला.

आधी एखादा शब्द. सगळे हसले, तोही हसला. मग वाक्य. मग एका दुपारी त्यानं पहिल्या अंकात उभं राहून तिसऱ्या अंकातलं भाषण केलं, सुंदर केलं, आणि संपल्यावर सगळ्यांचे चेहरे पाहून त्याच्या लक्षात आलं. ज्याला अख्ख्या ग्रुपची कामं पाठ असायची त्या माणसाचा चेहरा तेव्हा कसा झाला, ते अंबादासला पाहवलं नाही. तो उगाच पंख्याचं बटण चालू-बंद करत राहिला.

गंधाली प्रेमळ मुलगी. तिनं कानात घालायचं इवलंसं यंत्र आणलं. "सर, मालिकेत आम्ही वापरतो ना. मागून कुणीतरी सांगायचं, कुणाला कळतही नाही." ते देवदत्तच्या कानात घातलं. त्याला कानात आवाज आला की तो दचकायचा, मागे वळायचा आणि "कोण रे?" म्हणायचा. दोन दिवसांनी त्यानं ते काढून अंबादासच्या तळहातावर ठेवलं.

"माका काढ," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाक घे. तुझ्या पयल्या नाटकाची वाट लागतली."

"काढणार नाही."

"नियम तुझोच असा ना? पाठ नाय त्यानं घराक जावचा. मी चाललंय घराक." आणि गेलाच.

अंबादास घरी आला तेव्हा नीला कोथिंबीर निवडत होती. त्यानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग? नियम तुझा आहे. तू काय करणार ते बोल." सहानुभूती दाखवण्याची नीलाची पद्धत अशी आहे.

त्याला झोप लागली नाही, असं काही झालं नाही. तो चांगला घोरला. पण सकाळी उठला तो निर्णय घेऊनच. देवदत्तशिवाय नाटक करायचं नाही, आणि देवदत्तला लपवूनछपवूनही करायचं नाही. तो भटवाडीत गेला, मित्राला शर्ट घालायला लावला आणि रिक्षात बसवून तालमीला आणलं. सगळ्यांना गोल बसवलं.

"मी नागपूरकडचा नाही," त्यानं सुरुवात केली. "मी झाडीपट्टीतला आहे. माझा बाप प्रॉम्प्टर होता."

मग त्यानं सगळं सांगितलं. खड्डा, बल्ब, मफलर, कर्णिकांपुढे उगारून धरलेला तो हात, 'तुम्ही सांगा ना'. पोरं पोट धरून हसली. इतकी वर्षं ज्या हसण्याला तो भ्यायला ते हे होतं आणि यात भिण्यासारखं काहीच नव्हतं, हे त्याला तिथल्या तिथं कळलं. तो स्वतःही हसायला लागला.

"आता ऐका. हे नाटक आपण तसंच करायचं. मी स्टेजपुढे खाली बसणार, सगळ्यांना दिसेन असा. प्रत्येकाचं प्रत्येक वाक्य आधी मी सांगणार, मग तुम्ही बोलायचं. एकट्या देवदत्तचं नाही. सगळ्यांचं."

"सर!" गंधाली ओरडली. "माझं सगळं पाठ आहे! आयुष्यभर उलटं शिकवलंत आणि आता?"

"विसर."

"असं कसं विसरू?"

"माका विचार," देवदत्त कोपऱ्यातून म्हणाला. "झकास शिकवतंय."

त्या हशानंतर ओशाळून का होईना, देवदत्त राहिला. बाकीच्यांना मात्र घाम फुटला. पाठ असलेलं वाक्य तोंडात थोपवून धरायचं, खालून येईल तेव्हाच बोलायचं, यात भले भले गडबडले. गंधाली पुढे धावायची आणि अंबादास खालून ओरडायचा, "मी अजून सांगितलं नाही!" देवदत्तला मात्र ते पहिल्या दिवसापासून जमलं. अंबादासचा आवाज खालून आला की त्याचा चेहरा मोकळा व्हायचा. शब्द दुसऱ्याचा, पण त्यात घालायला लागतं ते सगळं त्याच्याजवळ शाबूत होतं.

प्रयोगाच्या दिवशी नाट्यगृहाचा मॅनेजर म्हणाला, असं खाली स्टूल टाकून कुणी बसत नाही. अंबादास म्हणाला, आमच्याकडे बसतात. 'आमच्याकडे' हा शब्द त्यानं मुंबईत पहिल्यांदाच त्या अर्थानं वापरला. नीलानं आपला मफलर पिशवीतून काढून त्याच्या मांडीवर टाकला. भर मे महिना होता. त्यानं तरी तो डोक्याला गुंडाळला.

पडदा उघडला. पहिली काही मिनिटं लोक कुजबुजत होते, हा खाली बसलेला मफलरवाला बाबा मोठ्यानं काय वाचतोय म्हणून. मग थोड्या वेळानं कुजबूज थांबली. त्यांना आवाज ऐकू येत होता, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते वर पाहत होते. देवदत्त त्यांना हसवत होता, रडवत होता, आणि अंबादासला खालून त्याच्या फक्त चपला आणि हनुवटी दिसत होती. त्याला वाटलं, बाबांनी आयुष्यभर नाटक असंच पाहिलं.

शेवटचा प्रवेश आला. स्टेज रिकामं. म्हातारा एकटा. अंबादासनं वाक्य सांगितलं, "जन्मभर मी इतरांच्या मुखी शब्द दिले."

देवदत्त बोलला नाही.

अंबादासनं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. वरून काहीच नाही. गंधाली विंगेत ओठ चावत उभी होती. आता मित्राची अब्रू जाते, असं अंबादासला वाटलं.

तेव्हा देवदत्त चालायला लागला. सावकाश. सरकत सरकत तो स्टेजच्या पुढच्या कडेला, बरोबर मधोमध, आला. गुडघ्यांवर हात टेकून तिथंच खाली बसला, पाय खाली सोडले. आता दोघांचे चेहरे समोरासमोर होते. अंबादासकडे पाहून तो म्हणाला, "तूच बोल रे. तुझा असा तां."

अंबादासनं कागदाकडे पाहिलं. तिथं लिहिलेलं त्याला वाचता येईना, चष्म्यावर पाणी होतं. आणि मग जे तोंडातून आलं ते लिहिलेलं नव्हतंच.

"सारा जलम लोकायच्या तोंडात बोल घातलो," तो म्हणाला. "आता माह्या तोंडात घालनारा कोन आहे गा?"

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. देवदत्तनं हात पुढे करून त्याच्या डोक्यावरचा मफलर नीट केला, भर मे महिन्यात थंडी वाजत असल्यासारखा. पडदा पडला. त्यानंतर लोक उभे राहिले, हे अंबादासला नीलानं सांगितलं. तो अजून स्टुलावरच होता.

मेकअप रूममध्ये दोघंच उरले तेव्हा देवदत्त कापसानं चेहरा पुसत होता. बाहेर गंधालीबरोबर फोटो काढायला रांग लागली होती. अंबादासनं दार लावून घेतलं.

"खरं सांग. विसरलास, का मुद्दाम केलंस?"

देवदत्तनं आरशात बघून विचार केला. प्रामाणिकपणे, बराच वेळ केला.

"माका आठवणा नाय," तो म्हणाला. "पुढच्या प्रयोगाक पण असाच करूया?"